जेद्दा साडेपाच तासांवर, मग सांगलीकरांना एक दिवस का लागतो?

मुंबई ते जेद्दा हवाई अंतर सुमारे साडेतीन हजार किलोमीटर. थेट विमान जाताना साडेपाच तासांच्या आसपास घेते, येताना त्याहून थोडे कमी, कारण वरचा वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. 1995 पर्यंत हाजींची जहाजे मुंबई बंदरातून निघायची आणि दिवसच्या दिवस पाण्यावर जायचे, ते आठवले तर हा प्रवास काहीच नाही.

पण आपल्या भागातून हिशेब मांडा. सांगलीहून पेठ नाका, कराड, सातारा, खंबाटकी, पुणे करत मुंबई पावणेचारशे किलोमीटरच्या पुढे. गाडीने सात-आठ तास, घाटात किंवा पनवेलच्या पुढे अडकलात तर दहाही. महालक्ष्मी एक्सप्रेस पकडली तर अख्खी रात्र जाते. विमानतळावर चार तास आधी पोहोचायचे. पलीकडे इमिग्रेशन, सामान, मग मक्केपर्यंत दीड तासाची बस. एकूण वीस-एकवीस तास, त्यात विमान फक्त साडेपाच! साताऱ्याच्या लोकांचे दोन-तीन तास वाचतात, एवढेच.

तिकिटावरच्या वेळांमुळेही घोळ होतो. सौदीचे घड्याळ आपल्या मागे अडीच तास. मुंबईहून सकाळी सहाला निघालेले विमान तिथल्या नऊला उतरते, म्हणून घरच्यांना वाटते तीनच तास लागले. परतीला उलटे. संध्याकाळी सहाला निघालेले अब्बा-अम्मी इथे मध्यरात्रीनंतर एकच्या पुढे उतरतात, म्हणजे न्यायला येणाऱ्याने दुसऱ्या तारखेला यायचे असते. उमऱ्याचे स्वस्त पॅकेज घेताना विमान थेट आहे की मस्कत-दोहामार्गे, हे एजंटला आधी विचारा. मध्ये सहा-सात तासांचा थांबा असेल तर सत्तरीच्या माणसाचे हाल होतात. आणि थेट जेद्दाला जाणाऱ्यांची मीकात हवेतच, उतरण्याआधी येते. इहरामची तयारी मुंबईतच केलेली बरी.

आमच्या मते खरा प्रश्न अलीकडच्या बाजूचा आहे. 2023 च्या हजला राज्यातून मुंबई, नागपूर आणि औरंगाबाद अशी तीन ठिकाणे होती. विदर्भ आणि मराठवाड्याची सोय झाली, चांगलेच झाले. पण सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूरसाठी जवळचे पुणे त्यात नव्हते. लोहगावची धावपट्टी हवाई दलाची, त्यामुळे अडचणी आहेत हे खरे. पुरंदरचे विमानतळ तर अजून जमिनीच्या वादात आहे. कोल्हापूरहून मुंबईला विमान जाते, पण कुटुंबातले चार जण सामानासह त्यातून जातील, असे किती घरांना परवडते?

ऑक्टोबर 2025 मध्ये नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. ते पनवेलजवळ असल्याने आपल्याला शहरात शिरावेच लागणार नाही. हजची विमाने तिथून सुटावीत, ही मागणी जिल्ह्यातल्या जमातींनी आणि आमदार-खासदारांनी पुढच्या हजचे अर्ज सुरू होण्याआधी हज कमिटीकडे लेखी द्यायला हवी.