मे महिन्यात आजी दवाखान्यात का येत नाही?

वाचकहो, हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा मुलांच्या परीक्षा संपत आल्या असतील आणि घरोघरी गावी जाण्याचे बेत ठरत असतील. आमच्या कुरुंदवाडातही येत्या काही दिवसांत मुंबई-पुण्याची नातवंडे उतरू लागतील. पंचवीसहून अधिक वर्षे याच गावात दवाखाना चालवताना मी एक गोष्ट दर उन्हाळ्यात पाहत आले आहे. एप्रिलच्या अखेरीस साठी-सत्तरी ओलांडलेल्या स्त्रिया तपासणीला यायच्या थांबतात. रक्तदाबाच्या, साखरेच्या तपासणीच्या तारखा उलटून जातात. मग जूनमध्ये शाळा भरल्या की त्या एकेक करून येऊ लागतात. कुणाची साखर अडीचशेच्या पुढे गेलेली असते, कुणाचे पाय सुजलेले असतात, कुणाच्या टाचेला चिघळलेली जखम असते. इतके दिवस का आला नाहीत, असे विचारले की उत्तर ठरलेले असते. "पोरं आलती न्हवं म्याडम, मला कुठला आलाय वेळ?"

या उत्तरात तक्रार नसते, उलट अभिमानच असतो. म्हणूनच ते ऐकून सोडून देता येत नाही.

सुट्टीच्या आठवणी कुणाला प्रिय नसतात? कृष्णा-पंचगंगेच्या संगमालगतचे आमचे गाव १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत पटवर्धनांचे संस्थान होते. माझ्या लहानपणी संस्थान जाऊन बराच काळ लोटला होता, परंतु उन्हाळ्यात आमच्या घराला संस्थानाचीच कळा येई. आत्या, मावशा आणि त्यांची मुले मिळून वीस-बावीस माणसे घरात असत. सकाळी कमरेला वाळका भोपळा बांधून नदीत पोहणे, पूल ओलांडून पायी नृसिंहवाडीला दत्तदर्शनाला जाणे आणि येताना कवठाची बर्फी हाताला चिकटवून आणणे, दुपारी माजघरातल्या गार फरशीवर पत्ते, गच्चीवर वाळत घातलेल्या शेवया राखण्याच्या निमित्ताने ओल्या शेवयाच तोंडात टाकणे, संध्याकाळी भडंग आणि रात्री पुन्हा गच्चीवर ओळीने अंथरुणे. (नदीतल्या पोहण्याबाबत, विशेषतः पोहता न येणाऱ्या शहरी मुलांच्या सुरक्षिततेबाबत, पुढील एखाद्या अंकात स्वतंत्रपणे लिहीन. मोठे माणूस जवळ असल्याखेरीज कोणत्याही मुलाने पाण्यात उतरू नये, एवढे आत्ताच सांगते.)

पाहुण्या मुलांना सुट्टी एवढीच दिसे. मी घरचीच मुलगी असल्याने मला तिची आतली बाजूही दिसत होती. आजी पहाटे चारला उठे. बंब पेटवणे, चूल, दूध, न्याहारी, भाकऱ्यांची चळत. मुलांची पंगत, मग पुरुषांची, मग सुनांची आणि लेकींची. तिचे स्वतःचे पान दुपारी अडीचच्या सुमारास मांडले जाई, तेही भांड्यात उरलेल्या आमटीवर. त्यानंतर लवंडायचे सोडून ती शेवयांच्या पाटाशी बसे. आम्हां मुलांना आजही भाजलेल्या भाकरीचा आणि अढीतल्या आंब्याचा वास आला की तो सगळा काळ उभा राहतो. याला शरीरशास्त्रीय कारणही आहे. वासाची संवेदना मेंदूतील भावना आणि स्मृती सांभाळणाऱ्या भागांशी फार जवळून जोडलेली आहे. पण ज्या चुलीचा वास आपल्याला इतका हवाहवासा वाटतो, तिचाच धूर वर्षानुवर्षे छातीत घेतल्याने आयुष्यात कधी विडीला हातही न लावलेल्या असंख्य स्त्रियांना दम्यासारखा दीर्घकालीन श्वसनविकार जडला, हेही वैद्यकशास्त्र सांगते.

"पूर्वीच्या बायका एवढे राबत, म्हणूनच त्या ठणठणीत होत्या" हे वाक्य मला आठवड्यातून एकदा तरी ऐकावे लागते. ते मला मान्य नाही. त्यांचा रक्तदाब कुणी मोजलाच नव्हता. आणि काळ बदलला असे म्हणावे, तर २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणाचे आकडे पाहावेत. घरातल्या माणसांसाठी विनामोबदला घरकाम करणाऱ्यांमध्ये स्त्रियांचा दिवसाचा सरासरी वेळ २९९ मिनिटे होता आणि पुरुषांचा ९७. हा वर्षभराचा हिशेब आहे. सहा माणसे जास्तीची आलेल्या मे महिन्याचा नव्हे.

आता आजच्या आजीकडे वळू या. चूल गेली, गॅस आला, घरी येणारी माणसेही वीसवरून सहावर आली. मात्र ही आजी मधुमेही असण्याची शक्यता पुष्कळ आहे. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. तिची गोळी सकाळी ठरल्या वेळी पोटात जाते, पण जेवण मात्र "पोरांचं होऊ दे, मग बसते" म्हणून दोन-दोन तास लांबते. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्या व्यक्तीच्या बाबतीत हा उशीर धोक्याचा असतो. दरदरून घाम, हातपाय थरथरणे, छातीत धडधड, चिडचिड, गोंधळल्यासारखे बोलणे ही साखर उतरल्याची लक्षणे होत. पुष्कळदा घरातले म्हणतात, "उन्हाचा त्रास झालाय, पडू दे जरा." तसे पडू देऊ नये. घरी यंत्र असेल तर साखर तपासावी. ती ७० च्या खाली असल्यास, किंवा यंत्र नसल्यास केवळ लक्षणांवरूनसुद्धा, तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यावी. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासून गरज पडल्यास तेवढीच पुन्हा द्यावी आणि बरे वाटल्यावर जेवायला बसवावे. शुद्ध हरपली असेल तर मात्र तोंडात काहीही न घालता थेट रुग्णालय गाठावे.

टाचेच्या जखमेबद्दल आवर्जून लिहिते, कारण तिचे मूळ आमच्या भागात पुष्कळदा भक्तीत असते. नातवंडांना घेऊन वाडीला जायचे आणि प्रदक्षिणा अनवाणी घालायच्या, ही रीतच आहे. बरीच वर्षे मधुमेह असलेल्यांच्या तळपायाची संवेदना कमी झालेली असते. भर दुपारी तापलेल्या दगडी फरशीवर नातू "आई गं!" म्हणून उड्या मारत सावलीकडे पळतो आणि आजी शांतपणे चालत राहते. पोळलेले तिला कळतच नाही. फोड दुसऱ्या दिवशी दिसतो, तोही दिसला तर. दर्शन सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर घ्यावे, जमल्यास सुती मोजे घालावेत आणि घरी आल्यावर तळपाय उजेडात पाहावेत. आजीला वाकून पाहता येत नसेल तर नातीने पाहावेत. लहान मुलांचे डोळे यात आपल्यापेक्षा तीक्ष्ण असतात.

मिठाचे काय? जागतिक आरोग्य संघटना प्रौढ व्यक्तीला दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाचा एक चमचाही नाही इतके मीठ पुरे, असे सांगते. पापड, सांडगे, लोणचे, भडंग यांच्या सुट्टीतल्या फेऱ्यांत ही मर्यादा केव्हा ओलांडली जाते ते समजत नाही. मी आजीला पापड बंद करा असे सांगत नाही, कारण ते कुणी ऐकत नाही. अर्धा पापड आणि ताकात मीठ नको, एवढे सांगते.

रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर उन्हाळ्यात थोडी सावधगिरी हवी. जुलाब-उलट्या झाल्या, चक्कर येऊ लागली, लघवी कमी झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे. गोळी आपल्या मनाने बंदही करू नये आणि तशीच रेटूही नये.

आणि गोळ्यांच्या डब्याविषयी. एरवी घरात दोघेच वृद्ध असतात, त्यामुळे औषधे फडताळात, उशाशी, फ्रिजवर, कुठेही असतात. दोन-तीन वर्षांच्या मुलाला ती रंगीत गोळ्या म्हणजे गोळ्या-चॉकलेटच वाटते. मधुमेहाची एखादी गोळीसुद्धा एवढ्या लहान जिवाची साखर धोकादायक पातळीवर आणू शकते. गावी पोचल्यावर चहा होईपर्यंत आपणच औषधे गोळा करून कुलपात ठेवावीत. गोळी नेमकी कोणती आणि शेवटची तपासणी केव्हा झाली, हेही मग आपसूकच कळते. २०१९ च्या पुरात आमच्या गावातल्या कित्येक घरांची कागदपत्रे वाहून गेली. तेव्हापासून मी सर्वांना सांगते की औषधचिठ्ठीचे छायाचित्र मुलांच्या फोनमध्ये असू द्यावे.

या सगळ्यामुळे सुट्टीची गोडी कमी होईल, असे काही वाचकांना वाटेल. मुलांना आजीकडे पाठवू नका, असे मी मुळीच म्हणत नाही. नातवंडे आल्यावर तिच्या चेहऱ्यावर येणारे तेज माझ्या कोणत्याही औषधाने येत नाही. एवढेच करावे की तिचे पान पहिल्या पंगतीला मांडावे, दुपारचा एक तास स्वयंपाकघर कुणा दुसऱ्याच्या ताब्यात द्यावे आणि तिच्या तपासणीची तारीख मे महिन्यात येत असेल तर मुलाने, सुनेने किंवा जावयाने तिला घेऊन यावे. दवाखान्यात गर्दी कमी असते, वेळ लागत नाही.

घरी रक्तदाबाचे यंत्र असेल तर मोजण्याचे काम नातवंडांकडे सोपवून पाहा. आजीने पाच मिनिटे स्वस्थ बसावे, पाठ टेकलेली, हात छातीच्या पातळीवर, आणि एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावे. घरच्या नोंदी वारंवार १३५/८५ च्या वर जात असतील तर दाखवायला यावे. गेल्या जूनमध्ये एक आजी माझ्याकडे दिनदर्शिकेचे मे महिन्याचे पान घेऊन आल्या होत्या. प्रत्येक चौकोनात सकाळ-संध्याकाळचे आकडे लिहिले होते, अक्षर दहा वर्षांच्या नातीचे. खाली बारीक शेरेही होते. "आज आजीने दोन पापड खाल्ले." "आज आजी दुपारी झोपली." संध्याकाळचे आकडे ठीक होते, सकाळचे मात्र जवळजवळ रोज चढे होते. त्या पानावरून गोळीची वेळ बदलता आली.