धरणाच्या अहवालात समुद्रही हवा

कोणत्याही धरणाचा प्रकल्प अहवाल उघडा. पाणलोट क्षेत्र, पर्जन्यमापक केंद्रे, ७५ टक्के विश्वासार्हतेचा येवा, संकल्पित पूर, सांडव्याची क्षमता हे सगळे त्यात सापडेल. अरबी समुद्राचा उल्लेख मात्र सापडणार नाही. ज्यांनी ते अहवाल लिहिले त्यांना दोष देता येत नाही. समुद्र आहे तसाच राहील आणि पाऊस थोडा कमी-जास्त होत ठरावीक मर्यादेतच पडेल, असे त्या काळी मानणे रास्त होते. उपलब्ध नोंदींवरून शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर काढायचा आणि तो आकडा धरून सांडवा बांधायचा, हे आपण सगळेच शिकलो. त्या पद्धतीचा पायाच आता हलला आहे. मान्सूनपूर्व तपासण्या चालू असताना त्याबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे.

केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२०च्या अहवालानुसार १९५१ ते २०१५ या काळात उष्णकटिबंधीय हिंदी महासागराच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे १ अंश सेल्सिअसने वाढले. याच काळात जगातल्या समुद्रांची सरासरी वाढ ०.७ अंशाच्या आसपास होती. म्हणजे आपल्या दारचा समुद्र इतरांपेक्षा जास्त तापला. हवा एका अंशाने तापली की तिची बाष्प धरण्याची क्षमता साधारण ७ टक्क्यांनी वाढते. प्रश्न एवढ्या सात टक्क्यांचाच असता तर आपल्या सांडव्यांनी आणि मुक्तांतरांनी तो बहुतेक ठिकाणी पचवला असता. खरी अडचण वाऱ्यांत आहे.

जमीन आणि समुद्र यांच्या तापमानातला फरक हे मोसमी वाऱ्यांचे मूळ बळ. समुद्र भराभर तापू लागला की हा फरक कमी होतो आणि वाऱ्यांचा सरासरी जोर ओसरतो. त्याच अहवालात १९५१ ते २०१५ या काळात देशाचा मोसमी पाऊस सुमारे ६ टक्क्यांनी घटल्याची नोंद आहे, आणि ठळक घट झालेल्या भागांत गंगेच्या मैदानाबरोबर आपला पश्चिम घाटही आहे. दुसरीकडे उत्तर अरबी समुद्रावर बाष्पाचा साठा वाढतो आहे आणि पश्चिमी वाऱ्यांची चढउतार वाढली आहे. वारे मंदावले की आठवडेच्या आठवडे उघडीप. ते एकदम उसळले की साठलेले बाष्प दोन-तीन दिवसांत गुजरात-महाराष्ट्रापासून ओडिशापर्यंतच्या पट्ट्यावर कोसळते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवून दिले, की मध्य भारतातील अशा विस्तृत अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्या.

त्याआधी २००६ साली बी. एन. गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी मध्य भारताविषयी मांडलेला निष्कर्ष आपल्यासाठी आणखी महत्त्वाचा आहे. मध्यम पावसाचे दिवस घटले, अतिवृष्टीचे दिवस वाढले आणि हंगामाची बेरीज जवळपास तशीच राहिली. आपण वर्षानुवर्षे वार्षिक येव्याचे तक्ते पाहतो आणि 'आमच्या खोऱ्यात फारसे काही बदललेले नाही' असे म्हणतो, त्याचे कारण इथे आहे. बेरीज तीच राहते, ती गाठण्याची रीत बदलते. पूर्वी महिनाभर येणारे पाणी आता आठवडाभरात दारात येऊन उभे राहते. वार्षिक बेरजेच्या तक्त्यात हे कधीच दिसणार नाही.

२०१९चे वर्ष आठवा. आधीच्या दुष्काळाने मराठवाडा टँकरवर होता. मान्सून केरळात ८ जूनला पोहोचला, 'वायू' चक्रीवादळाने बाष्प स्वतःकडे ओढले आणि देशात जूनचा पाऊस ३३ टक्के कमी पडला. ऑगस्टमध्ये मात्र कृष्णा आणि पंचगंगेने सांगली-कोल्हापूर बुडवले, सांगलीत आयर्विन पुलापाशी पातळी ५७ फुटांवर गेली. त्या वर्षी हिंदी महासागराची पश्चिम बाजू पूर्वेपेक्षा खूपच उबदार होती. सप्टेंबरचा पाऊस सरासरीच्या दीडपट झाला आणि हंगाम ११० टक्क्यांवर संपला. त्यानंतरही 'क्यार' आणि 'महा' ही दोन चक्रीवादळे एकाच वेळी अरबी समुद्रात फिरत होती. तीन महिन्यांपूर्वी धरण भरेल का म्हणून धास्तावलेला शाखा अभियंता आता रात्रभर दरवाज्यांपाशी उभा होता.

जलाशय प्रचालन सूचीचा पेच नेमका इथे आहे. १५ ऑक्टोबरला जलाशय काठोकाठ हवा, हा आग्रह अवर्षणप्रवण महाराष्ट्रात चुकीचा म्हणता येत नाही. जुलैच्या अखेरीस पाणी सोडले आणि पुढे उघडीप पडली तर शेतकऱ्यांना तोंड द्यायचे कोणी? २०२३चा ऑगस्ट १९०१ पासूनचा देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, हे कोणी विसरलेले नाही. पण पंधरवड्यागणिक ठरलेली पातळी पंचवीस वर्षांपूर्वीच्या पावसावरून काढलेली असेल, तर ती पाळणे हीही आता जोखीमच आहे. हवामान विभाग दर गुरुवारी चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज देतो. त्याचा आधार घेऊन पाणी आधी सोडण्याचा निर्णय क्षेत्रीय अभियंत्याने घेतला आणि पाऊस चुकला, तर चौकशी त्याच्यावर बसता कामा नये. हे संरक्षण लेखी हवे. ते नाही तोवर कोणीही शहाणा माणूस सूचीला चिकटूनच राहील, आणि त्याला बोल लावण्याचा आपल्याला अधिकार नाही.

लहान धरणांची चिंता मला अधिक वाटते. मोठ्या धरणांसाठी संभाव्य कमाल पूर धरायचा, तर लहान धरणांसाठी शंभर वर्षांचा पूर पुरेसा, असे भारतीय मानक ११२२३ सांगते. पाऊसच बदलला तर जुन्या नोंदींवरून काढलेला तो पूर शंभर वर्षे वाट पाहणार नाही. महाबळेश्वरला २२ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला, चिपळूण पाण्याखाली गेले. २ जुलै २०१९च्या रात्री चिपळूण तालुक्यातच तिवरे धरण फुटून माणसे वाहून गेली होती. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. जीर्ण भराव आणि एका रात्रीत कोसळणारा पाऊस एकत्र येतात तेव्हा वेळ हातात उरत नाही. निळी आणि लाल पूररेषाही अनुक्रमे २५ आणि १०० वर्षांच्या पुरावर आखलेली आहे. या रेषा दर दहा वर्षांनी नव्या नोंदींवरून पुन्हा आखल्या पाहिजेत, मग बांधकाम व्यावसायिक कितीही नाराज होवोत.

प्रत्येक पुराचे खापर समुद्रावर फोडणे अर्थात चूक ठरेल. नदीपात्रात भर घालून उभ्या राहिलेल्या इमारती समुद्राने बांधलेल्या नाहीत. एल निनोचा हिशेबही वेगळा मांडावा लागतो.

देखभालीच्या वेळापत्रकाचाही विचार करावा लागेल. वक्रद्वारांचे सील, रोप आणि मोटारी यांची कामे मेअखेरीपर्यंत लांबवण्याची आपली सवय जुनी आहे. 'तौक्ते' मे २०२१ मध्ये किनाऱ्याजवळून गेले, 'निसर्ग' ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि २०२५ साली मान्सून २६ मेलाच मुंबईत पोहोचला. दरवाज्यांची कामे १५ मेच्या आत संपवली पाहिजेत.

वाचक अभियंत्यांना एक विनंती. आपापल्या धरणाच्या पाणलोटातील एक, दोन आणि तीन दिवसांच्या कमाल पावसाच्या नोंदी काढा, १९९० पूर्वीच्या आणि नंतरच्या वेगळ्या मांडा, आणि शेजारी सांडव्याचा संकल्पित पूर लिहा. तासवार येवा उपलब्ध असेल तर तोही जोडा. ही तुलना अधीक्षक अभियंत्यांकडे या पावसाळ्याआधी पोहोचू द्या आणि एक प्रत आमच्याकडे पाठवा. ज्या धरणांवर तफावत मोठी आहे, त्यांचे तक्ते आम्ही पुढील अंकांतून छापू.