एचआयव्हीसह वाढणारी मुले : कायदा आहे, सोबत कुठे आहे?

१ एप्रिल २००४ पासून आपल्या देशात सरकारी रुग्णालयांतून एआरटीची औषधे मोफत मिळू लागली. त्याआधी जन्मतः एचआयव्ही असलेली फार थोडी मुले मोठी होत. आज अशी मुले दहावी-बारावीला बसतात, कॉलेजात जातात, नोकरी शोधतात. गरोदर आईला वेळेवर उपचार मिळाले तर बाळाला लागण होण्याची शक्यता ५ टक्क्यांच्या खाली येते. उपचार नसतील तर ती १५ ते ४५ टक्के असते. औषधांनी आपले काम केले. समाजाचे काम मात्र अजून बाकी आहे, असे आम्हाला वाटते.

२००९ साली लातूर जिल्ह्यातील हासेगावच्या जिल्हा परिषद शाळेत एचआयव्हीबाधित मुले येऊ लागली, तेव्हा गावातल्या पालकांनी आपली मुले शाळेत पाठवणे थांबवले. एका बाकावर बसल्याने किंवा एका नळाचे पाणी प्यायल्याने एचआयव्ही होत नाही, हे तेव्हाही सर्वज्ञात होते. वर्गाबाहेर बसवणे आणि वेगळे पाणी म्हणजे काय, हे आपल्या समाजाला कुणी समजावून सांगण्याची गरज नाही. म्हणून या मुलांच्या बाजूने आपण सर्वांत आधी उभे राहिले पाहिजे.

एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ साली संमत झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. एचआयव्हीमुळे शाळाप्रवेश नाकारणे किंवा मुलाला वेगळे बसवणे आता बेकायदा आहे. तक्रारीसाठी राज्याने लोकपाल नेमायचा आहे. आईवडील गेलेल्या मुलांच्या मालमत्तेचे रक्षण करणे ही सरकारची जबाबदारी आहे. पुरेशी समज असलेले १२ ते १८ वयाचे मोठे भावंड धाकट्याचे पालक म्हणून शाळाप्रवेश, बँक खाते आणि उपचारांसाठी सही करू शकते. चुलत्यांनी जमीन बळकावलेल्या घरात ही तरतूद किती मोलाची आहे! पण ती किती शिक्षकांना, तलाठ्यांना, बँकेतल्या कर्मचाऱ्यांना माहीत आहे?

खरी कसोटी वयात येताना लागते. आजी किंवा मावशी नातवाला, भाच्याला रोज गोळी देते आणि “रक्त वाढायची आहे” असे सांगते. चौदा-पंधराव्या वर्षी मुलाला खरे कुठून तरी कळते. फसवले गेल्याचा राग येतो, वसतिगृहात मित्रांसमोर गोळी घ्यायची लाज वाटते आणि औषध सुटते. औषध सुटले की विषाणू पुन्हा वाढतो आणि तेच औषध पुढे लागू पडेनासे होऊ शकते. शाळकरी वयातच, समज वाढेल तसे टप्प्याटप्प्याने मुलाला खरे सांगावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. एआरटी केंद्रातील समुपदेशक त्यासाठी मदत करतात. नियमित औषधाने रक्तातील विषाणू चाचणीत दिसेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. लग्नाची, संसाराची स्वप्ने पाहणाऱ्या तरुण मुलामुलींना हे ठामपणे सांगायला हवे.

आपण उलटेच करतो. मुलापासून लपवतो आणि गावभर कुजबुजतो. मुलाला खरे सांगा. त्याच्याविषयी इतर कुणालाही सांगू नका. ते सांगायचे की नाही, हे त्याने ठरवायचे.

विहार समित्या, महिला मंडळे आणि शिक्षक यांना बरेच काही करता येईल. एआरटी केंद्राच्या फेरीत म्हाताऱ्या आजीची मजुरी बुडते आणि गाडीभाडेही जाते. तेवढा भार समाजाने उचलावा. बालसंगोपन योजना आणि संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे अर्ज भरून द्यावेत. माहितीसाठी १०९७ हा मोफत क्रमांक विहाराच्या फलकावर लिहावा. बालवर्गात, शिबिरात, सहलीत या मुलांना इतरांसारखेच घ्यावे आणि कुणाचेही नाव पुकारून मदत वाटू नये. मदतीचा फोटोही काढू नये.