पीएचडी करून खरंच दिवे लावतात

पोस्ट लांब आहे. वेळ काढून वाचा.

डिसेंबर 2023. नागपूरचं हिवाळी अधिवेशन. विधान परिषदेत सारथीच्या पीएचडी फेलोशिपचा विषय निघाला. 200 विद्यार्थ्यांचीच मर्यादा का, असा सतेज पाटलांचा मुद्दा होता. त्यावर तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार बोलून गेले की पीएचडी करून हे काय दिवे लावणार आहेत. रान उठलं, मीम झाले, आंदोलनं झाली आणि थोड्याच दिवसांत सगळे दुसऱ्या विषयाला लागले.

मला मात्र ते वाक्य विसरता येत नाही. कारण ते जिथं बोललं गेलं त्या विधानभवनापासून अमरावती रोडवरचा विद्यापीठाचा कॅम्पस गाडीने पंधरा-वीस मिनिटांवर आहे. आणि तिथल्या भौतिकशास्त्र विभागात गेली तीसेक वर्षं शब्दशः दिवे लावायचंच काम चालू आहे. गंमत नाही करत.

तुमच्या घरातला एलईडी बल्ब घ्या. आतली चिप पांढरा उजेड देत नाही, निळा देते. (त्या निळ्या एलईडीसाठी 2014 साली तीन जपानी शास्त्रज्ञांना नोबेल मिळालं.) निळ्याचा पांढरा होतो तो चिपवर लावलेल्या पिवळट पावडरीमुळे. पावडर थोडा निळा प्रकाश पिते, पिवळा सोडते, दोन्ही मिळून आपल्या डोळ्याला पांढरं दिसतं. या पावडरीला फॉस्फर म्हणतात. नेहमीची पावडर म्हणजे यिट्रियम आणि अॅल्युमिनियमच्या ऑक्साइडमध्ये किंचित सेरियम. तिच्या उजेडात लाल रंग कमी पडतो. म्हणून स्वस्त एलईडीखाली टमाटर शिळे वाटतात आणि माणूस आजारी दिसतो. लाल रंग नीट देणारी, तापल्यावर मंद न होणारी, स्वस्तात बनणारी पावडर शोधणं हा जगभरातल्या पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळांचा मोठा उद्योग आहे. त्यात नागपूरचं नाव आधी प्रा. मोहरील आणि नंतर प्रा. संजय ढोबळे यांच्या गटांमुळे आहे. ढोबळे सरांनी सहलेखक म्हणून या विषयावर लिहिलेलं पुस्तक 2012 साली स्प्रिंगरने छापलं. आपल्या गावात किती जणांना माहीत आहे?

आता ही पावडर बनते कशी ते ऐका, कारण मला यातलं हेच सगळ्यात आवडतं. धातूंचे नायट्रेट घ्यायचे, हव्या त्या रेअर अर्थ धातूची चिमूट टाकायची आणि त्यात मिसळायचा युरिया. हो, तोच, ज्याच्या गोण्यांसाठी आपल्याकडे खरिपात रांगा लागतात. मिश्रण बशीत घालून पाचशे अंशाच्या आसपास तापलेल्या भट्टीत सरकवायचं. आधी उकळतं, मग फेसाळतं, मग एकदम भडका उडतो. काही मिनिटांत खेळ खलास. बशीत उरतो हलका, फुगलेला, पांढरा भुगा. युरिया इथं इंधन असतो, लागणारी बरीचशी उष्णता पेट घेतलेलं मिश्रणच देतं. बंगळुरूच्या आयआयएससीमध्ये के. सी. पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980च्या दशकात ही पद्धत रुजवली. कोट्यवधीची यंत्रं नसलेल्या विद्यापीठांना ती वरदान ठरली. एक मफल फर्नेस, एक काटा आणि चिकाटी असली की सुरुवात करता येते.

पण ती सुरुवातच. त्या भुग्याची रचना हवी तशी झाली का हे एक्स-रेने तपासायचं. कोणत्या रंगाचा उजेड पितो, कोणत्या रंगाचा सोडतो हे मोजायचं. चिपवर पावडर दीडशे अंशांपर्यंत तापू शकते, तेव्हा तितकं तापवून उजेड किती टिकतो ते बघायचं. मग चिमूट थोडी वाढवायची, परत भट्टी. परत कमी करायची, परत भट्टी. चिमूट जास्त झाली तर उजेड वाढायच्या ऐवजी विझतो, कारण अणू एकमेकांच्या फार जवळ येतात आणि ऊर्जा आपसातच वाया घालवतात. (आपल्या काही समित्यांसारखं.) पाच वर्षं अशी जातात. बाहेरच्याला वाटतं, पोट्टे पावडर भाजत बसलेत.

दिव्यापुरतंच हे काम नाही. एक्स-रे किंवा कॅन्सरच्या रेडिएशन विभागातले तंत्रज्ञ छातीवर एक छोटा बॅज लावतात, पाहिला असेल. त्यातल्या चकत्यांमध्ये कॅल्शियम सल्फेट असतं, म्हणजे जिप्समचाच भाऊ, आणि त्यात हजारात एखादा अणू डिस्प्रोसियमचा. किरणं लागली की ही पावडर त्यांची ऊर्जा पोटात साठवून ठेवते. साधारण तीन महिन्यांनी बॅज प्रयोगशाळेत जातो, चकती दोनशे अंशांच्या वर तापवतात, साठलेली ऊर्जा उजेड होऊन बाहेर पडते. तो उजेड मोजून त्या माणसाच्या अंगात किती रेडिएशन गेलं हे कळतं. देशभर वापरली जाणारी ही पद्धत भाभा अणुसंशोधन केंद्राची. पण ही पावडर उजेड साठवते कशी, तिच्या आत नेमकं होतं काय, यावर नागपूर विद्यापीठातून 1990च्या दशकाच्या सुरुवातीलाच आंतरराष्ट्रीय नियतकालिकांत लेख गेले. आपल्या तुकडोजी चौकातल्या कॅन्सर हॉस्पिटलात किंवा जामठ्याला नातेवाइकाला घेऊन गेलात, तर मशीन चालवणाऱ्याच्या खिशाकडे एकदा बघा.

आणि कोड. आपल्या समाजात कोड निघालेल्या मुलीचं लग्न कसं अडतं ते मी वेगळं सांगायला नको. त्वचारोगतज्ज्ञ ज्या चेंबरमध्ये उभं करून उपचार करतात, त्यातल्या नळ्या 311 नॅनोमीटरच्या आसपासचे अतिनील किरण देतात. ते किरण देण्याचा गुण गॅडोलिनियम धातूत आहे. असे फॉस्फर बनवण्यावरही नागपुरात काम झालंय.

आता दुसरी बाजू, नाहीतर कौतुकाची आरती होईल.

लेख निघतात, पुस्तकं निघतात, पीएचडी होतात. पावडर बाटलीतच राहते. बहुतेक लेखांच्या शेवटी एक वाक्य असतं की हा पदार्थ पांढऱ्या एलईडीसाठी उपयुक्त ठरू शकतो. ठरू शकतो! ठरवणार कोण? देशात जोडल्या जाणाऱ्या एलईडी बल्बमधल्या बहुतेक चिप बाहेरून येतात. 2015 साली सुरू झालेल्या उजाला योजनेत 36 कोटींहून जास्त बल्ब वाटले गेले, किंमत धडाधड खाली आली, वीज वाचली. योजना चांगलीच होती. पण इतकं मोठं गिऱ्हाईक सरकार स्वतः असताना, अमुक टक्के फॉस्फर देशातल्या विद्यापीठांच्या संशोधनातून घ्या, अशी एक अट टाकता आली नसती का? हिंगणा आणि बुटीबोरीची एमआयडीसी याच शहराच्या कुशीत आहे. बाटलीतल्या दहा ग्रॅमचे दहा किलो करून बघायला लागणारी मधली जागा ना विद्यापीठाकडे आहे, ना उद्योगाला त्यात रस आहे.

दोष प्राध्यापकांच्या बाजूलाही आहे. बढतीचे गुण लेखांवर मिळतात, म्हणून लेख निघतात. एका पावडरीत चिमूट बदलून चार लेख करणं ही देशभरची सवय आहे आणि पदार्थविज्ञानात ती जरा जास्तच सोपी आहे. सगळे तसं करत नाहीत, पण सगळ्यांना ते माहीत असतं. अजित पवारांच्या प्रश्नात एवढ्यापुरतं तथ्य होतं, हेही मी म्हणेन. फक्त तो प्रश्न विद्यार्थ्यांना विचारायचा नव्हता.

कारण विद्यार्थ्याची अवस्था बघा. केंद्राची ज्युनिअर रिसर्च फेलोशिप जानेवारी 2023पासून महिना 37,000 रुपये झाली, ती ज्याला मिळते तो नशीबवान. बाकीचे बार्टी, सारथी, महाज्योतीच्या भरवशावर. त्यांना नोंदणीच्या तारखेपासून पूर्ण पैसे मिळावेत म्हणून आंदोलनं करावी लागली. महाज्योतीचं तर मुख्यालयच नागपुरात आहे. ज्या पोराला दिवसभर भट्टीसमोर असायला हवं ते संविधान चौकात बसलंय, आणि आपण विचारतो दिवे कधी लावणार. विभागातल्या प्राध्यापकांची पदं निवृत्तीनंतर वर्षानुवर्षं रिकामी राहतात, सीएचबीवर तासिका भागवतात. तासिकेवरचा माणूस शिकवू शकतो, पीएचडीचा गाईड होऊ शकत नाही. म्हणजे एक प्राध्यापक निवृत्त झाला की नुसतं एक पद जात नाही. कोणत्या पावडरीला किती वेळ भट्टीत ठेवायचं हे जे हातात बसलेलं असतं ना, जे कुठल्याही लेखात लिहिलेलं नसतं, ते जातं. विद्यापीठाने 2023मध्ये शंभरी साजरी केली, त्याच जानेवारीत इंडियन सायन्स काँग्रेस भरवली, मांडव मोठा होता. मांडव उतरला, रिकामी पदं तशीच राहिली.

आणि हे परवडण्याचे दिवस गेले. चीनने एप्रिल 2025मध्ये सात रेअर अर्थ धातूंच्या निर्यातीवर नियंत्रण आणलं. यादीत यिट्रियम, डिस्प्रोसियम, गॅडोलिनियम आहेत. वर वाचलेली नावं आठवतात? बल्बची पावडर, रेडिएशनचा बॅज, कोडाची नळी. दिल्लीने नोव्हेंबर 2025मध्ये रेअर अर्थ चुंबकांसाठी 7,280 कोटींची योजना मंजूर केली, कारण चुंबक नाही तर इलेक्ट्रिक गाडी नाही. चांगलं केलं. पण हे धातू कशात किती टाकायचे, कमीत कसं भागवायचं, त्यांच्याऐवजी मँगनीजसारखं काही चालेल का, हे ज्यांना हाताने माहीत आहे ती माणसं राज्यांच्या विद्यापीठांत बसली आहेत. आणि मँगनीज म्हणाल तर ते मनसर, कांद्रीला आपल्या पायाखालीच आहे, मॉईलचं ऑफिसही इथंच. फॉस्फरमध्ये लाल रंगासाठी मँगनीज वापरतातच. मॉईल, विद्यापीठ आणि एखादा बुटीबोरीचा कारखानदार एका टेबलावर बसायला नेमकं काय आड येतं, हे मला आजवर कळलेलं नाही.

पुढच्या डिसेंबरात परत अधिवेशन भरेल. आमदार निवास भरेल, सावजीच्या ताटांचे फोटो येतील. तुमच्या ओळखीचा आमदार असेल तर त्याच्याकडून सभागृहात एवढं विचारून घ्या: नागपूर विद्यापीठाच्या विज्ञान विभागांत मंजूर पदं किती, भरलेली किती, आणि उरलेली कोणत्या तारखेपर्यंत भरणार? लेखी उत्तर येतं. आलं की इथं टाकतो.