समुपदेशकाचे पद कोठून येणार?

शंभर वा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ अथवा सामाजिक कार्यकर्ता नेमलाच पाहिजे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी दिला. विशाखापट्टणम येथील एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात हा निर्णय झाला. तो स्वागतार्ह आहेच; परंतु आदेश आणि अंमलबजावणी यांच्यातील अंतर अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला जरा अधिक स्पष्ट दिसते, कारण ते अंतर पैशाचे असते.

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांपैकी १,७६४ महाराष्ट्रातील होते, आणि या दुर्दैवी यादीत आपले राज्य पहिले होते. स्वतःला पुरोगामी म्हणवणाऱ्या राज्याला हा आकडा शोभत नाही. आत्महत्या हे दुःखाचे अखेरचे टोक होय. त्याआधीच्या पायऱ्यांवर किती मुले उभी असतात, याचा अंदाज निम्हान्सच्या २०१५-१६ च्या सर्वेक्षणावरून येतो. १३ ते १७ या वयोगटातील ७.३ टक्के मुलांना कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे त्यात आढळले. पन्नास मुलांच्या वर्गात हे प्रमाण तीन-चार भरते. हजेरी घेताना ही मुले ‘हजर’ म्हणतात, आणि शिक्षक पुढचा क्रमांक पुकारतो.

या मुलांपर्यंत उपचार का पोहोचत नाहीत? डॉक्टर थोडे आहेत, हे खरे. पण उपचाराची किंमत केवळ डॉक्टरच्या फीएवढी नसते. तालुक्याहून जिल्ह्याच्या गावी जाण्याचे एस.टी.चे भाडे, आईची वा वडिलांची बुडालेली मजुरी, मुलाची चुकलेली शाळा आणि ‘वेड्यांच्या डॉक्टरकडे नेले’ हा गावभर होणारा बोभाटा, हे सारे त्या किमतीतच धरावे लागते. सरकारी रुग्णालयात फी नाममात्र असूनही कुटुंब तेथे जात नाही, यात अडाणीपणा कमी आणि व्यवहार अधिक आहे. शाळेत सेवा आणली की यांतील बहुतेक खर्च नाहीसे होतात, कारण मूल तेथे रोज येतच असते. शाळेतील समुपदेशनाच्या बाजूने याहून बळकट युक्तिवाद मला तरी माहीत नाही.

आता धोका असा की, हे काम शिक्षकांच्याच गळ्यात मारले जाईल. मतदारयाद्या, जनगणना, पोषण आहाराच्या नोंदी यांत आणखी एक रजिस्टर वाढेल, दोन दिवसांचे शिबिर होईल आणि आदेशाची पूर्तता झाल्याचा अहवाल मंत्रालयात जाईल. आयुष्मान भारत योजनेखालील शालेय आरोग्य कार्यक्रमाने प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांना ‘आरोग्यदूत’ नेमण्याची वाट २०२० सालीच घालून दिली आहे.

ही वाट चुकीची आहे, असे म्हणण्यास पुरावा आहे. बिहारच्या नालंदा जिल्ह्यात ७४ सरकारी माध्यमिक शाळांत एक प्रयोग झाला. १९९६ साली गोव्यात स्थापन झालेली ‘संगाथ’ ही संस्था त्यात अग्रणी होती. काही शाळांत तोच कार्यक्रम शिक्षकांनी राबविला, तर काही शाळांत थोडे प्रशिक्षण दिलेल्या, पदव्यांचे ओझे नसलेल्या बाहेरच्या समुपदेशकांनी. ‘लॅन्सेट’मध्ये २०१८ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष बोलके आहेत. समुपदेशकांच्या शाळांत वातावरण सुधारले, खिन्नता आणि दांडगाई घटली. शिक्षकांच्या शाळांत मात्र दखल घेण्याजोगा फरक पडला नाही. यात शिक्षकांची निंदा नाही, मी स्वतः शिक्षकच आहे. फी हप्त्याने भरू द्यावी म्हणून आलेला विद्यार्थी महिनाभर झोपलेला नाही, हे बोलण्याच्या ओघात कळते; पण जो गुण देतो आणि ‘नापास’ लिहितो, त्याच्यापाशी मन मोकळे करणे मुलांना अवघडच जाते.

तेव्हा स्वतंत्र पद हवे, आणि पद म्हटले की वेतनश्रेणी, लेखाशीर्ष आणि अनुदानसूत्र आले. जेथे शिक्षकांच्याच जागा वर्षानुवर्षे रिक्त राहतात, तेथे नवे पद आपोआप भरले जाईल असे मानणे भाबडेपणाचे होईल. शिवाय ग्रामीण भागातील असंख्य शाळांचा पट शंभराच्या खालीच आहे. त्यांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी संपर्काची व्यवस्था ठेवावी, एवढेच आदेश सांगतो. गावात तज्ज्ञ नसेल तर हा संपर्क म्हणजे भिंतीवर लिहिलेला दूरध्वनी क्रमांक. २०२२ पासून चालू असलेली ‘टेलिमानस’ची १४४१६ ही सेवा उपयुक्त आहे, पण फोन घरात एकच आणि तोही वडिलांच्या खिशात असेल तर मुलीने बोलावे कसे?

महाराष्ट्रात केंद्रशाळांची रचना आयतीच आहे. प्रत्येक केंद्रासाठी एक समुपदेशक नेमून त्याने ठरलेल्या वारी ठरलेल्या शाळेत जावे, त्याच्यावर जिल्हा रुग्णालयातील मानसोपचारतज्ज्ञाची देखरेख असावी आणि गंभीर मुलाची चिठ्ठी थेट तेथे जावी. हा खर्च राज्याच्या अर्थसंकल्पात वेगळा दाखविला गेला तरच आमदारांना त्यावर प्रश्न विचारता येईल. याखेरीज प्रत्येक शाळेत एक लहानशी खोली लागेल. ती मुख्याध्यापकांच्या कचेरीला लागून नसावी, आणि तिच्या दारावर पाटी नसली तरी चालेल.