फेवर ल्यूबा : घराणे स्विस, मालकी भारतीय

जिनिव्हा येथे ऑगस्ट २०२४ मध्ये भरलेल्या घड्याळांच्या प्रदर्शनात एका जुन्या नावाचे पुनरागमन झाले. फेवर ल्यूबा हे ते नाव. मुंबई-पुण्यातील मध्यमवर्गीय घरांत हे नाव आजही अनोळखी नाही. लग्नात सासऱ्याने दिलेले, पहिल्या पगारातून घेतलेले किंवा निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी मनगटावर बांधलेले घड्याळ म्हणून त्याची आठवण अनेक कुटुंबांनी जपली आहे. स्थापनेचे वर्ष १७३७ सांगणाऱ्या या स्विस घराण्याची मालकी आता एका भारतीय कंपनीकडे आहे. बारा वर्षांत ते दुसऱ्यांदा भारतीय हातात आले, आणि पहिला प्रयत्न फसला होता. त्यामुळे या पुनरागमनाकडे केवळ एका चैनीच्या वस्तूची जाहिरात म्हणून पाहता येणार नाही. नाव विकत घेता येते, पण त्यामागची पत विकत घेता येते काय, हा यातील खरा प्रश्न आहे.

ल लोक्ल ते मुंबई

स्वित्झर्लंडच्या पश्चिमेकडील जुरा पर्वतराजीत ल लोक्ल हे गाव आहे. तेथील लांबलचक हिवाळ्यात शेती ठप्प होत असे आणि शेतकरी घरातच घड्याळांचे सुटे भाग तयार करीत. याच गावात अब्राहम फेवर याच्या घड्याळजी म्हणून व्यवसायाची नोंद १७३७ सालची आहे. स्विस घड्याळ घराण्यांमध्ये याहून जुना दावा ब्लांपँ या घराण्याचा असून तो १७३५ सालचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी, १८१५ च्या सुमारास, फेवर कुटुंबाने ओग्यूस्त ल्यूबा या व्यापाऱ्याशी भागीदारी केली आणि दोन आडनावांची ही जोडी जन्माला आली. एकाकडे कारागिरी होती, तर दुसऱ्याकडे बाजारपेठेची जाण. पुढच्या दीडशे वर्षांच्या यशाचे बरेचसे गमक या जोडीत होते.

फ्रिट्झ फेवर याने १८६५ साली भारतात व्यापाराचा पाया घातला. ते वर्ष मुंबईच्या इतिहासात वेगळ्याच कारणासाठी लक्षात राहिले आहे. अमेरिकेतील यादवी युद्ध संपल्याने कापसाचे भाव कोसळले आणि शहरातील अनेक पेढ्या बुडाल्या. मात्र त्याच काळात मुंबई घड्याळाच्या काट्यावर चालणारे शहर होऊ लागले होते. रेल्वे सुरू होऊन बारा वर्षे झाली होती. गिरण्यांचे भोंगे, गोदीतील पाळ्या आणि कचेऱ्यांच्या वेळा यांनी दिवसाचे तुकडे पाडले. राजाबाई मनोऱ्याचे बांधकाम १८७८ मध्ये पूर्ण झाले आणि वेळ दूरवर दिसू व ऐकू येऊ लागली. अशा शहरात खिशातील घड्याळ ही चैन न राहता हळूहळू गरज बनत गेली.

युरोपातील अन्य घराणी आपल्या मालासाठी पॅरिस, लंडन आणि न्यूयॉर्ककडे पाहत होती. त्या वेळी या घराण्याने भारताला आपली मुख्य बाजारपेठांपैकी एक मानले. येथे केवळ एजंट नेमून न थांबता त्याने स्वतःची पेढी उभारली आणि दुरुस्तीची सोय केली. एवढेच नव्हे, तर इतर काही स्विस कंपन्यांची घड्याळेही विकली. त्यामुळे जुन्या काही घड्याळांच्या तबकडीवर मूळ कंपनीच्या नावाबरोबर फेवर ल्यूबाचेही नाव आढळते. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दोन दशकांत ‘सी चीफ’, ‘सी किंग’ ही नावे सर्वतोमुखी झाली. त्यामागे जवळपास शंभर वर्षांची ही मशागत होती.

उंची आणि खोली

हे घराणे केवळ विक्रीच्या बळावर मोठे झाले, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. १९५० च्या दशकाच्या मध्यास त्याने स्वतःची यंत्रणा बनवण्यास प्रारंभ केला. १९६० च्या दशकात त्याच्या अभियंत्यांनी दोन कमानींची यंत्रणा विकसित केली. चावीच्या घड्याळात कमान जसजशी उलगडते तसतसा तिचा जोर कमी होतो आणि वेळेत फरक पडू लागतो. एकाऐवजी दोन कमानींवर भार वाटल्यास हा जोर अधिक काळ सारखा राहतो. ही सोय तीन मिलिमीटरहून कमी जाडीच्या यंत्रात बसवणे, हे त्या काळी मोठेच कसब होते.

१९६२ मध्ये ‘बिव्हॅक’ आले. हवेचा दाब आणि समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवणारे ते पहिले यांत्रिक मनगटी घड्याळ होते. इटालियन गिर्यारोहक वॉल्टर बोनाटी याने १९६४ मध्ये मिशेल वोशे याच्यासह ग्रांद जोरास शिखराच्या उत्तर भिंतीवरील चढाई केली, तेव्हा हेच घड्याळ त्याच्या मनगटावर होते. १९६८ मध्ये आलेले ‘बाथी’ पाणबुड्यांसाठी होते. पाण्याचा दाब एका पातळ पटलावर पडून काटा सरकत असे आणि पाणबुड्याला आपण किती खोल आहोत हे कळत असे. यांत्रिक मनगटी घड्याळाने खोली मोजण्याच्या सुरुवातीच्या प्रयोगांपैकी तो एक होता. हे घराणे कल्पकतेच्या शिखरावर होते आणि नेमक्या याच क्षणी त्याच्या पायाखालची जमीन सरकू लागली.

दोन्हीकडून कोंडी

२५ डिसेंबर १९६९ रोजी जपानच्या सेको कंपनीने ‘अ‍ॅस्ट्रॉन’ हे क्वार्ट्झवर चालणारे मनगटी घड्याळ बाजारात आणले. स्फटिकाच्या कंपनांवर चालणारे हे घड्याळ उत्तमोत्तम यांत्रिक घड्याळापेक्षा कितीतरी अचूक होते आणि काही वर्षांतच ते स्वस्तही झाले. स्वित्झर्लंडच्या या उद्योगात १९७० च्या सुमारास सुमारे नव्वद हजार लोक काम करीत होते. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ही संख्या तीस-पस्तीस हजारांच्या आसपास आली. शेकडो कंपन्या बंद पडल्या.

फेवर ल्यूबाला आणखी एक फटका बसला आणि तो त्याच्या लाडक्या बाजारपेठेतून आला. परकीय चलनाच्या टंचाईमुळे भारताने आयातीवर कडक निर्बंध घातले. सिटिझन या जपानी कंपनीच्या सहकार्याने एचएमटीने १९६१ पासून देशी घड्याळे बनवण्यास सुरुवात केली होती. परदेशी घड्याळ हवे असणाऱ्यांची गरज तस्करीच्या मालावर भागू लागली. टाटा समूह आणि तामिळनाडू सरकारचे औद्योगिक विकास महामंडळ यांनी १९८४ मध्ये टायटनची स्थापना केली आणि काही वर्षांतच क्वार्ट्झ घड्याळांनी भारतीय मनगटे काबीज केली. युरोपात तंत्रज्ञानाने आणि भारतात धोरणाने कोंडी केलेल्या फेवर कुटुंबाने १९८५ मध्ये, आठव्या पिढीत, व्यवसाय विकला. अडीच शतकांची कौटुंबिक परंपरा तेथे खंडित झाली.

ज्याने हरवले त्याच्याच घरी

त्यानंतर हे नाव हातोहात फिरले. फ्रेंच चैन-वस्तू समूह एलव्हीएमएच आणि नंतर एक स्पॅनिश समूह यांच्याकडे ते काही काळ होते. नोव्हेंबर २०११ मध्ये टायटनने ते सुमारे वीस लाख युरोला विकत घेतले. ज्या क्वार्ट्झ लाटेने या घराण्याला भारतातून हुसकावले, तिच्या भारतातील सर्वात मोठ्या वाहकानेच त्याला आसरा द्यावा, हा काव्यगत न्यायच म्हणावा लागेल.

टायटनचा हेतू स्पष्ट होता. १९९० च्या दशकात स्वतःच्या नावाने युरोपात शिरण्याचा प्रयत्न कंपनीने करून पाहिला होता आणि तो तोट्यात गेला होता. ‘मेड इन इंडिया’ घड्याळासाठी युरोपीय ग्राहक जादा किंमत मोजत नाही, हा धडा त्यातून मिळाला. तेव्हा अस्सल स्विस वंशावळ असलेले नाव घेऊन वरच्या बाजारात जाण्याचे ठरले. २०१७ मध्ये नऊ हजार मीटरपर्यंतची, म्हणजे एव्हरेस्टहूनही अधिक उंची दाखवू शकणारे नवे ‘बिव्हॅक’ सादर झाले. तंत्रज्ञानाच्या दृष्टीने ते कौतुकास्पद होते. मात्र विक्रीने साथ दिली नाही. या गुंतवणुकीपोटी टायटनला आपल्या ताळेबंदात तरतूद करावी लागली आणि करोनाच्या साथीनंतर हा प्रकल्प जवळपास थांबला.

हे असे का झाले? याच्या उत्तरासाठी ब्लांपँची तुलना उपयुक्त ठरेल. तेही नाव क्वार्ट्झच्या तडाख्यात निपचित पडले होते. १९८० च्या दशकाच्या प्रारंभी ज्याँ-क्लोद बिव्हेर आणि जाक पिगे यांनी ते सुमारे बावीस हजार फ्रँक एवढ्या किरकोळ रकमेत घेतले. त्यांनी एकच आग्रह धरला : या नावाचे घड्याळ क्वार्ट्झवर चालणार नाही. दहा वर्षांनी, १९९२ मध्ये, तेच नाव सहा कोटी फ्रँकला विकले गेले. बिव्हेर यांनी जुन्या वर्षाचा केवळ आकडा विकला नाही. त्या वर्षाला एक अर्थ दिला आणि तो सातत्याने सांभाळला. फेवर ल्यूबाच्या बाबतीत मालक बदलले आणि मालकाबरोबर अर्थही बदलत गेला. दागिन्यांसारखे घड्याळ, साहसी वीराचे घड्याळ, भारतीय आठवणीतले घड्याळ अशा अनेक प्रतिमांत ते विभागले गेले. येथे आणखी एक भेद लक्षात घेतला पाहिजे. १७३७ ही स्थापना आहे, अखंड सातत्य नव्हे. १७५५ पासून खंड न पडता काम करणाऱ्या व्हॅशराँ काँस्तांताँसारख्या घराण्याचा आणि मध्ये अनेकदा झोपी गेलेल्या घराण्याचा वारसा एकाच तराजूत तोलता येत नाही.

नव्या मालकाचे गणित

२०२३ मध्ये एथॉस या कंपनीने आपल्या स्विस उपकंपनीमार्फत हे नाव टायटनकडून घेतले. एथॉसची देशभर महागड्या घड्याळांची दालने आहेत. तिची पालक कंपनी केडीडीएल अनेक वर्षे स्विस कंपन्यांना तबकड्या आणि काटे पुरवीत आहे. एवढेच नव्हे, तर ग्रेंखेन या स्विस गावात काटे बनवणारी कंपनीही तिच्या ताब्यात आहे. फेवर ल्यूबाचा नवा कारभार याच गावातून चालतो. युलिस नार्दां या घराण्याचे माजी प्रमुख पॅट्रिक हॉफमन यांच्याकडे त्याची धुरा सोपवण्यात आली. टायटनकडे भांडवल होते. या समूहाकडे पुरवठ्याची साखळी आणि विक्रीची दुकाने अशी दोन्ही टोके आहेत. हा फरक निर्णायक ठरू शकतो.

परिस्थितीही काही अंशी अनुकूल आहे. स्विस घड्याळांची निर्यात २०२३ मध्ये २६.७ अब्ज फ्रँक या विक्रमी पातळीवर पोहोचली आणि २०२४ मध्ये घसरून २६ अब्जांवर आली. त्या वर्षी चीनकडील निर्यात सुमारे एक चतुर्थांशाने आटली, तर भारताकडील निर्यात जवळपास तेवढ्याच प्रमाणात वाढली. अर्थात, चीनच्या तुलनेत भारताचा आकडा अद्याप लहान आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने स्विस मालावर ३९ टक्के आयातशुल्क लावले. नोव्हेंबरमध्ये ते १५ टक्क्यांवर आणण्याचे ठरले, तरी सर्वात मोठ्या बाजारपेठेवर विसंबण्यातील धोका या तीन महिन्यांत स्विस उद्योगाला पुरता उमगला. दुसरीकडे, भारत आणि स्वित्झर्लंडसह चार देशांचा ‘एफ्टा’ गट यांच्यातील व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला. त्यानुसार स्विस घड्याळांवरील शुल्क सात वर्षांत टप्प्याटप्प्याने रद्द व्हायचे आहे. सहा दशकांपूर्वी आयातबंदीने बंद केलेला दरवाजा आता उघडतो आहे.

मात्र दरवाजा सर्वांसाठीच उघडतो, फक्त जुन्या ओळखीच्या पाहुण्यासाठी नव्हे. स्वस्त होणाऱ्या अन्य स्विस घड्याळांशी फेवर ल्यूबाला येथेच झुंजावे लागेल. शिवाय २०१७ पासून लागू झालेल्या नियमानुसार ‘स्विस मेड’ या शिक्क्यासाठी घड्याळाच्या उत्पादनखर्चाचा किमान ६० टक्के भाग स्वित्झर्लंडमध्ये व्हावा लागतो. त्यामुळे भारतातील स्वस्त उत्पादनाचा लाभ घेण्यावर मर्यादा आहेत. त्या ओलांडल्यास शिक्का जातो, आणि शिक्का गेल्यास नाव घेण्याचा हेतूच संपतो.

आठवणींचे भांडवल

आणखी एक पेच खास भारतीय आहे. जुन्या बाजारात फेवर ल्यूबाची असंख्य घड्याळे आहेत. त्यांतील पुष्कळांच्या तबकड्या पुन्हा रंगवलेल्या, काटे दुसऱ्याच घड्याळाचे आणि आतले भाग तिसऱ्याचे असतात. परदेशी संग्राहक अशा घड्याळांना उपहासाने ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. यात फसवणुकीचा भाग आहे, हे नाकारता येणार नाही. परंतु मूळ सुटे भाग मिळेनासे झाल्यावरही ही यंत्रे चालू ठेवणाऱ्या कारागिरांची हिकमतही त्यात आहे. कंपनी निद्रिस्त असताना हे नाव मनगटांवर जिवंत राहिले ते या गल्लीबोळांतील घड्याळजींमुळे. नव्या मालकांना वारशाची भाषा बोलायची असेल, तर जुन्या घड्याळांची पारख, दुरुस्ती आणि सुट्या भागांची सोय यांचा विचार त्यांना करावा लागेल. १८६५ नंतरच्या पिढ्यांनी मुंबईत पत कमावली ती विकलेल्या वस्तूची जबाबदारी घेऊनच.

भारतीय उद्योगांनी परदेशी नावे विकत घेण्याचे आता अप्रूप राहिलेले नाही. त्यांतील काही बहरली, काही कोमेजली. फेवर ल्यूबाचे प्रकरण रकमेने लहान असले, तरी धड्याने मोठे आहे. तीन शतकांत या घराण्याला दोनदा उभारी मिळाली : एकदा कारागीर आणि व्यापारी एकत्र आले तेव्हा, आणि दुसऱ्यांदा दूरच्या बाजारपेठेला दीर्घकाळ सांभाळले तेव्हा. दोन्ही वेळा घाई कामास आली नव्हती. दर तीन महिन्यांनी नफ्याचा हिशेब मागणाऱ्या शेअर बाजाराच्या काळात नोंदणीकृत कंपनीला एवढी सबुरी परवडेल काय, यावर या तिसऱ्या डावाचे भवितव्य अवलंबून आहे.