डायझॉक्साइड बंद करा म्हणणाऱ्यांना

डायझॉक्साइडने तान्ह्या बाळाचे हृदय बिघडते, सबब ते देऊच नये. तासातासाला पाजा, मध चाटवा, साखर आपोआप जाग्यावर येईल. म्हसळ्यासारख्या गावात तर हे औषध म्हणजे जिवाशी खेळ. प्रतिपक्षाचे म्हणणे एवढेच, आणि ते तो मोठ्या ठामपणे सांगत फिरतो.

मध वर्षाच्या आतल्या बाळाला देऊच नये; बॉट्युलिझम या विषबाधेचा धोका असतो. निरोगी नवजाताला मिनिटाला किलोमागे ४ ते ६ मिलिग्रॅम ग्लुकोज पुरते, पण डायझॉक्साइड ज्यावर देतात त्या जन्मजात हायपरइन्सुलिनिझममध्ये, म्हणजे जादा इन्सुलिनने रक्तातली साखर उतरते त्या आजारात, ८ च्याही वर लागते. नुसत्या पाजण्याने ते भागत नाही.

आता हृदय. धोका खरा आहे. हे औषध रक्तदाब उतरवण्यासाठीही वापरले गेले आहे. स्वादुपिंडातल्या पेशींचे पोटॅशियमचे दार ते उघडे धरते, म्हणून इन्सुलिन आवरते. पण तसली दारे रक्तवाहिन्यांत आणि हृदयातही असतात. शिवाय अंगात मीठ-पाणी साठते. बाळ सुजते, धापा टाकते, फुप्फुसांतला रक्तदाब चढतो. अमेरिकेच्या औषध नियामकाने जुलै २०१५ मध्ये इशारा दिला, तो १९७३ पासून नोंदलेल्या ११ बाळांवरून. प्रतिपक्ष हा इशारा नाचवतो आणि त्यातलेच दुसरे वाक्य गिळतो: औषध थांबवल्यावर त्या सर्व बाळांचा त्रास मिटला किंवा कमी झाला. साखर उतरून दुखावलेल्या मेंदूला अशी परतीची वाट नाही. इतर कारणांनी साखर उतरली तर शरीर चरबी जाळून कीटोन बनवते आणि मेंदू त्यावर तग धरतो. या आजारात इन्सुलिन तीही चूल विझवते. झटके येतात, विकास खुंटतो, आणि ते नुकसान आयुष्यभराचे. हृदयाची काळजी वाहणाऱ्यांनी या मुलांच्या आयांना हे कधी सांगितले आहे?

खेड्यात जहाल औषध नको, हा वाद जुनाच. शेजारच्या महाड भागात विंचूदंशाने हृदय निकामी होऊन मुले दगावत. तिथे प्राझोसिन वापरले गेले. तेही रक्तदाब उतरवणारे, तेही जोखमीचे. पण रोग्याला झोपवून ठेवून, नाडी-रक्तदाब पुन्हा पुन्हा तपासून दिले, आणि मुले वाचली. तिथे औषध टाळले नाही, पहारा वाढवला.

इथेही तेच हवे. परळच्या वाडियासारख्या रुग्णालयात आधी हृदयाची इको तपासणी, मग बेताची मात्रा, सोबत लघवी वाढवणारे थायझाइड. पाच-सात दिवसांत गुण आला नाही तर औषध बंद, जनुकतपासणी, पुढचे उपचार. घरी परतल्यावर ग्लुकोमीटर आणि रोज त्याच काट्यावर वजन. वजन एकाएकी वाढले किंवा श्वास लागला तर तडक माणगाव, तिथून मुंबई. औषध थांबवायचे की नाही, हे तिथले बालरोगतज्ज्ञ ठरवतील. गावातल्या सल्लागारांनी त्या बाटलीला हात लावू नये.